पुसलेली तुटक रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या भावाशी मी सगळं बोलतो त्यालाही नाही. नेवासा तालुक्यातल्या एका गावाच्या नकाशावरून मी एक वाट पुसली. पुसली तेव्हा माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण नंतर लपवलं ते पूर्ण शुद्धीत, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा श्रीगोंद्याकडचा, घरी ऊस. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालो आणि नगरला एका खासगी कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. गावोगावचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं कंत्राट साहेबांनी पुण्याच्या सरकारी ऑफिसातून मिळवलं होतं. आम्ही चौघं होतो आणि चौघांनीही त्याआधी कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरात जावं तसं.

नकाशे कापडावर चिकटवलेले होते. उलगडले की जुन्या गोधडीसारखा वास यायचा. शेतांच्या हद्दी काळ्या सलग रेघांनी, विहिरी गोलांनी आणि वाटा तुटक रेघांनी काढलेल्या. कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी, बहुधा बाभळीच्या सावलीत बसून, प्रत्येक बांधाचं वळण शाईनं उतरवलं होतं. आम्ही तो नकाशा एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर पसरायचो, माऊससारखं एक यंत्र रेघेवरून फिरवायचो आणि प्रत्येक वळणावर बटण दाबायचो. तीच रेघ समोर काचेवर हिरवी उमटायची. पहिल्या दिवशी ते पाहून माझ्या अंगावर काटा आला होता. अख्खं गाव, विहिरींसकट, काचेच्या आत.

रेघा ओढून झाल्या की तपासणी. जी रेघ कुठंतरी सुटी राहिली, दुसऱ्या रेघेला भिडली नाही, तिच्या टोकावर कॉम्प्युटर एक लाल चौकोन काढायचा. शेताची हद्द सुटी राहून चालत नाही, ती बंद व्हायलाच हवी, तेव्हाच क्षेत्रफळ निघतं. आम्ही त्या सुट्या टोकांना शेपट्या म्हणायचो. साहेब दारातूनच ओरडायचे, "काय रे, छाटल्या का शेपट्या? का माकडंच पाठवायची पुण्याला?" त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर तक्ता होता. कुणाच्या गावात किती लाल चौकोन राहिले ते त्यावर रोज लिहिलं जायचं. माझा आकडा कायम सगळ्यात मोठा असायचा.

त्या गावाचा नकाशा माझ्या वाट्याला आला होता. डांबरी रस्त्यापासून एक तुटक रेघ निघून जमिनीच्या एका मोठ्या गटाच्या मधून जात होती आणि एका वस्तीपाशी संपत होती. वस्ती म्हणजे नकाशावर मुगाएवढे सहा-सात ठिपके. वाटांसाठी वेगळी फाइल करायची असा नियम होता. मी ती वाट चुकून हद्दींच्याच फाइलमध्ये ओढली. आता वाट काही शेतासारखी बंद होत नाही, ती घरापाशी जाऊन थांबते. कॉम्प्युटरला हे कुठून कळणार? त्यानं वस्तीच्या तोंडाशी लाल चौकोन ठेवला.

दुपारचे पावणेचार झाले होते. चारला लाइट जायची. अख्ख्या गावात तेवढा एकच चौकोन उरला होता. ती रेघ वेगळ्या फाइलमध्ये नेऊन पुन्हा ओढायला अर्धा तास तरी लागला असता. मी रेघ निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं. लाल चौकोन गेला. पडद्यावर शून्य आलं. वाट उद्या सकाळी वेगळी ओढू, असं मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं होतं.

साहेबांनी तक्त्यावर माझ्या नावापुढं शून्य लिहिलं आणि पाठीवर थाप मारली. "शिकला की बैलगाडीवाला!" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर दुसऱ्या गावाचा नकाशा होता.

नकाशा पाठवण्याआधी गावात जाऊन जुळवायचा असतो. छापील प्रत घेऊन गावच्या कोतवालाबरोबर शीव फिरायची आणि मग त्याची सही घ्यायची. आम्ही कुणीच फिरायचो नाही. सोनईच्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांचे कोतवाल तिथं यायचेच. भज्यांच्या गाड्यामागच्या बाकड्यावर बसून एका दुपारी चार-चार गावं जुळवली जायची. त्या गावचा कोतवाल उतारवयाचा होता. त्यानं चष्मा कपाळावर नेला, कागद डोळ्यांपाशी धरला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"साहेब, हितनं वाट हाय ना वस्तीवरची. ती दिसंना."

मला त्याच क्षणी आठवलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बारक्या वाटा कॉम्प्युटर दाखवत नाही, मामा."

"आसं व्हय? बारकी कुठली, बैलगाडी जाती की तिच्यावनं."

"दाखवत नाही म्हटलं ना."

"मंग न्हाई दाखवत." त्यानं सही केली. वर मलाच दिलासा दिल्यासारखा म्हणाला, "वाटंला काय, ती जिमिनीवर हाय. कागदाला कोन इचारतंय."

सांगायचं तर त्या वाक्यावर मी निश्चिंत झालो. आमच्याकडंही कागदाला कुणी विचारत नव्हतं. वाट म्हणजे पायांखाली असते ती, एवढंच मला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात इंटरनेट आलं. साहेबांनी नारळ फोडला. फोनच्या तारेला मोडेमची डबी जोडलेली होती. ती आधी किंचाळायची, मग घसा खाकरायची, मग गप्प व्हायची. गप्प झाली की लागलं समजायचं. पहिली फाइल पुण्याला पाठवायची ठरली ती मी काढलेल्या त्याच गावाची, कारण तिच्यात लाल चौकोन शून्य. निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो. अकरा मिनिटांत फाइल गेली. पुण्याहून फोन आला, "मिळाली, उघडली, एकदम क्लीन आहे."

मी साहेबांना विचारलं, "समजा काही दुरुस्त करायचं राहिलं असेल तर परत बोलावता येते का?"

"एसटीत विसरलेली पिशवी आहे का रे ती?" साहेब म्हणाले. मग एकदम रोखून बघत, "का? काय राहिलंय?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्यानंतर कंपनीनं स्वतःचं संकेतस्थळ काढलं. आपलं काम दुनियेला दिसावं म्हणून सहा गावांचे नकाशे नमुन्यादाखल त्यावर ठेवले. सगळ्यात वर मी काढलेलं ते गाव. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हे बघा, आत्ता हे अमेरिकेत बसलेल्या माणसालाही दिसतंय." मला गंमत वाटायची की अमेरिकेतला माणूस आपल्या नेवाशातले बांध कशाला बघेल. ते तिथं कुणाच्या कामाला येईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बघितलं ते त्याच गावच्या माणसानं. ज्या गटामधून वाट जात होती त्या गटाच्या मालकाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्यानं एका सायबर कॅफेत बसून आपलं गाव शोधलं, आपलं रान शोधलं आणि हरखून रंगीत प्रिंट काढून वडिलांना पाठवली. वडिलांनी ती लॅमिनेट केली. हे सगळं मला कळलं ते वस्तीवरच्या माणसाकडून.

तो माणूस ऑफिसात आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. साठीच्या पुढचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. सोबत शाळेच्या गणवेशातली नात. साहेब पुण्याला गेले होते. दारात चपला काढून तो आत आला आणि म्हणाला, "जयभीम."

मी "नमस्कार" म्हटलं. त्याला जयभीमच म्हणायला काय हरकत होती, हा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला आहे.

त्यानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं उलगडला. लॅमिनेट केलेल्या नकाशाची झेरॉक्स होती. माझाच नकाशा. खाली कंपनीचं नाव आणि शिक्का.

"ह्यो तुमीच काढला?"

"कंपनीनं काढलाय."

"त्येच. ह्याच्यात आमची वाट न्हाई." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मालकानं ग्रामसभंत ह्यो दाखवला. म्हनला, आता इंटरनेटवरच वाट न्हाई तर मी कशापायी सोडू? समदी सभा चिडीचूप. रोज त्या वाटंनं जानारी मानसं, पन येक बोलंना. मी त्यातल्या येकाला म्हनलं, आवं, काल सांजच्याला तुमी त्याच वाटंनं आमच्याकडं टाकी जोडायला पाना न्यायला आलता. तर म्हनला, आबा, आलतो खरं, पन कॉम्प्युटर खोटं बोलंल का?"

मी झेरॉक्सकडं बघत राहिलो. माणसं स्वतःच्या पायांपेक्षा माझ्या बटणावर विश्वास ठेवतील हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. मी एक लाल चौकोन घालवला होता. तिकडं भर सभेत चालती वाट खोटी ठरली होती.

"परवा नांगर घातला त्यानं," तो म्हणाला. "आमच्या लोकांनी मुरूम टाकून केल्याली वाट हाय ती. मी बारका हुतो, डोक्यावं घमेलं घेतल्यालं मला आठवतंय. आता कॅनॉलकडनं जावं लागतंय, दीड कोस फेरा, आन् मधी नुसता ऊस. ही नववीला हाय. हिची आई न्हाई सोडायची तिकडनं येकलीला."

मुलगी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होती. माझ्या शून्याकडं.

"जुना कापडी नकाशा तुमच्याकडं आलाय म्हनत्यात," तो पुढं म्हणाला. "त्याच्यात वाट हाय. मी सोता बघितल्याली, तलाठी ऑफिसात, लई वर्सांमागं. निस्ता दाखवा. मी तलाठ्याला हितं घिऊन येतो, बास."

तो नकाशा माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होता. तीन पावलांवर. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये.

मी म्हणालो, "परत गेला तो. इथं नाही."

"कुठं गेला?"

"वर. जिल्ह्याच्या ऑफिसात."

"कवा?"

"झाले आठ-दहा दिवस."

त्यानं कपाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याला कळलं होतं की नाही ते मी आजही सांगू शकत नाही. त्यानं झेरॉक्स जुन्याच घडीवर घडी घालून पिशवीत ठेवली, नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दारातून वळून म्हणाला, "सापडला तर कळवा साहेब. गावाचं नाव तुमाला म्हाईत हायेच."

का खोटं बोललो? माझ्याजवळ कारणं भरपूर होती. नोकरी कच्ची होती. एक चूक निघाली असती तर सहाही गावं पुन्हा तपासायला लागली असती. बाजारातल्या सह्या उघड्या पडल्या असत्या, आणि त्यात चौघंही अडकलो असतो. पुण्याच्या लोकांनी ज्या कामाला क्लीन म्हटलं होतं त्याच कामात घाण निघाली असती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण आता लिहायलाच बसलो आहे तर आणखी एक लिहितो. तो माणूस माझ्या आळीतला असता, माझ्या मामाच्या वयाचा आमच्यातला कुणी बागायतदार असता, तर मी कपाट उघडलं असतं. त्याच्यासाठी कपाट न उघडणं सोपं गेलं. किती सोपं गेलं, याचाच मला अजून धक्का आहे.

त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी कपाट उघडून नकाशा काढला. वाट होती. तुटक रेघ, दोन ठिकाणी शाई फिकी, पण होती. ज्यानं काढली त्यानं वस्तीपाशी बारीक अक्षरात "विहीर" असंही लिहिलं होतं. विहीरसुद्धा माझ्याकडून सुटली होती. पंधरा दिवसांनी सगळे कापडी नकाशे गठ्ठ्यात बांधून परत पाठवले. गठ्ठ्याची गाठ मी मारली.

डिसेंबरात साहेबांनी मला त्याच भागात दुसऱ्या कामाला पाठवलं. काम उरकल्यावर मी एसटीनं त्या गावच्या फाट्यावर उतरलो. का उतरलो, सांगता येत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून वाट शोधू लागलो. जिथं असायला हवी तिथं कांद्याची लागण होती, हिरवीगार, रस्त्याच्या कडेपर्यंत. मधून कुठंही पाऊल ठेवायला जागा नाही. पलीकडं वस्ती दिसत होती. मुगाएवढे ठिपके म्हणून मी जी टिंबं दिली होती ती तीस-चाळीस घरं होती. निळा झेंडा, विहाराची पांढरी भिंत, वाळत घातलेल्या साड्या. एवढ्या जवळ की तिथला रेडिओ मला ऐकू येत होता.

मी कॅनॉलकडून फिरून गेलो. घामाघूम झालो. उसाची पाती दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती आणि मी एक पुरुष, भर दुपारी, सारखा मागं वळून बघत होतो.

तो विहाराच्या ओट्यावर पेपर वाचत बसला होता. लांबूनच ओळखलं त्यानं. "या या, नकाशावाले साहेब! वाट गावली म्हनायची!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. शेजारच्या आपल्या घरात हाक मारून चहा सांगितला. चहा घेऊन नात आली. गणवेश नव्हता. मंगळवार होता.

"शाळा?" मी विचारलं.

"सोडली," तोच म्हणाला. "दिवाळीपासून. मी म्हनलं सायकल घितो. तर तिची आई म्हनती, सायकल काय उसातनं उडती का?"

मुलगी म्हणाली, "आबा, पुरं आता." आणि कप माझ्या हातात देऊन आत गेली. मला तिच्याकडं बघवलं नाही.

त्यानं तालुक्याच्या ऑफिसात अर्ज केले होते. जुन्या नकाशाची नक्कल मागितली तर उत्तर आलं की नक्कल आता कॉम्प्युटरवरूनच मिळेल. कॉम्प्युटरवर म्हणजे माझ्या फाइलमध्ये. ते उत्तर त्यानं मला वाचायला दिलं. मी वाचून कागद परत दिला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला.

मग हळूच विचारलं, "आता तरी गावला का वो त्यो कापडी नकाशा?"

त्याच्या घरचा चहा माझ्या तोंडात होता. मी गिळला आणि म्हणालो, "नाही."

पुढल्या वर्षी मी ती नोकरी सोडली. दुसरं काम धरलं, लग्न झालं, घर झालं. नगर सोडून कुठं गेलो नाही, पण त्या रस्त्याला कधी गेलो नाही. सोनईकडं जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढायचो. कंपनी बुडाली, संकेतस्थळही केव्हाच गेलं. मला वाटायचं, संपलं. जगात आता दुसरे नकाशे आले, उपग्रहावरून काढलेले, त्यांच्याशी माझा काय संबंध?

मागच्या उन्हाळ्यात मुलीनं माझ्या फोनवर नकाशा कसा बघायचा ते शिकवलं. "बाबा, आपलं घर वरून बघा," म्हणाली. घर बघितलं. ती उठून गेल्यावर माझं बोट आपोआप नेवाशाकडं सरकलं. गाव सापडलं, कॅनॉल सापडला, वस्ती सापडली. आता पत्र्याची छपरं जास्त आहेत, विहार मोठा झाला आहे. फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता मी फोनला विचारला. निळी रेघ कॅनॉलवरून फिरून गेली. इतकी वर्षं झाली, अजून तोच दीड कोसाचा फेरा.

मग मी आणखी जवळ गेलो. उन्हाळ्यातला फोटो असावा, रान मोकळं होतं, काळंभोर. आणि त्या काळ्या रानातून, रस्त्यापासून वस्तीपर्यंत, एक फिकट पट्टा गेला होता. कुणी काढलेला नव्हता. पायांनी आणि बैलगाड्यांनी दडपलेली माती आणि त्यांनी घमेल्यांनी वाहिलेला मुरूम इतक्या वर्षांच्या नांगरटीनंतरही वरून दिसत होता. कापडावर होतं अगदी तसंच वळण घेत तो विहिरीपाशी थांबला होता.

फोन माझ्या हातातून पडला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही."

तेच उत्तर. साहेबांना दिलं होतं तेच.

तो म्हातारा आता असेल असं वाटत नाही. नात असेल. चाळिशीच्या पुढची, आणि तिच्या मुलीही याच फेऱ्यानं शाळेला गेल्या असतील. ती वाट जुन्या कापडी नकाशावर मी डोळ्यांनी पाहिली आहे, तो गठ्ठा मी माझ्या हातानं बांधला आहे आणि कॉम्प्युटरवरून ती मी पुसली आहे. हे तिन्ही सांगू शकेल असा दुसरा कुणी आहे की नाही, मला माहीत नाही. असं लिहून सही केलेला कागद मी तयार केला आहे. तीनदा केला, दोनदा फाडला. तिसरा टेबलाच्या खणात आहे.

तो कागद त्या वस्तीवर नेऊन त्या नातीच्या हातात द्यायचा आणि गावाच्या सभेत उभं राहून मोठ्यानं वाचायचा, एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.